जहरबाई आणि आष्टीचं पन्हं

उमा नरहर सेलगावकर हे नाव जालन्यात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. स्टेशनावर उतरून कुणी टांगेवाल्याला ते सांगितलं, तर तो घोड्याकडं बघायचा, आभाळाकडं बघायचा आणि मग एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडायचा. "जहरबाईकडं जायचं म्हणा की," म्हणून तो लगाम खेचायचा.

हे नाव तिला नोकरीनं दिलं होतं. निजामाच्या वेळी गावात करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. राज्य गेलं, जकात उठली, आणि नाक्याच्या रिकाम्या इमारतीतल्या दोन खोल्यांत सरकारनं विषपरीक्षणाची कचेरी थाटली. त्या कचेरीत उमा होती, कारभारी नावाचा शिपाई होता आणि भिंतभर बाटल्या होत्या. कुठं विहिरीचं पाणी हिरवं झालं, कुठं तेल खाऊन घरदार सुजलं, कुणाचा बैल कोवळी ज्वारी खाऊन आडवा झाला, की त्याची सीलबंद बरणी उमाच्या टेबलावर यायची. यात विष आहे का, असलं तर कोणतं, आणि ते आलं कुठून, एवढं तिनं सांगायचं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बाटल्या देत. तिसऱ्यासाठी मात्र गावोगाव हिंडावं लागे, आणि नोकरीतला हाच भाग उमाला मनापासून आवडे.

ती शिकली हैदराबादला. तिथं तेव्हा सायन्ससुद्धा उर्दूतून चाले, त्यामुळं ॲसिड तिला तेजाब म्हणून भेटलं आणि आर्सेनिक संखिया म्हणून. शिक्षण संपता संपता राज्य बदललं, कागद इंग्रजीतून लिहायची वेळ आली, आणि खेड्यातली माणसं तर त्याच संखियाला सोमल म्हणत. बरणीवर पोलिसांनी उर्दूत एक लिहिलेलं, पंचनाम्यात मराठीत दुसरं आणि अहवालात इंग्रजीत तिसरं, असा प्रकार नेहमीचा. उमाला त्याचं काही वाटत नसे. नावं तीन ठेवा नाहीतर तेरा, मारताना विष नाव विचारत नाही, असं ती म्हणायची.

असली वाक्यं ती घरीही बोलायची, आणि दुर्गाबाईंना, म्हणजे तिच्या आईला, तेवढंच सोसत नसे. उमाचं लग्न जमत नव्हतं. मुलगी दिसायला नीटस, शिकलेली, सरकारी नोकरीतली. नाव ठेवायला जागा नव्हती. पण परभणीची मंडळी बघायला आली तेव्हा मुलाच्या आईनं कौतुकानं विचारलं, कचेरीत काय काम असतं. उमानं जसं असतं तसं सांगितलं. म्हणजे गेल्या आठवड्यात आलेली बरणी, त्यात धोत्र्याचं बी कसं सापडलं आणि ते भाजीत कुणाला ओळखू येत नाही, इथपर्यंत. पुढ्यातल्या पोह्यांच्या बशीकडं जाणारा मुलाचा हात मधेच थांबला आणि डोक्यावरून फिरून मांडीवर परत आला. मंडळींना एकाएकी गाडीची वेळ आठवली.

पुढं नांदेडचं एक स्थळ आलं. तो मुलगा धीट होता, आणि श्रीमंत चुलत्याचा एकुलता वारस. त्यानं पोहे खाल्ले, दुसऱ्यांदा मागूनही घेतले. आणि एकांतात बोलायला दिल्यावर त्यानं खालच्या आवाजात विचारलं की अजिबात पकडलं न जाणारं विष कोणतं. उमानं बाहेर येऊन वडिलांना सांगितलं, ह्यांना नको म्हणा आणि जमलं तर ह्यांच्या चुलत्याला जपून राहायचं कळवा. नरहरपंत कोर्टात कारकून होते. ते हसले, पण दुर्गाबाईंनी त्या दिवशी लेकीशी अबोला धरला. औषधांच्या खात्यात आहे एवढंच सांगत जा, ही त्यांची साधी मागणी होती. उमा म्हणायची, खोटं बोलायचं तर मग परीक्षण कशाला शिकले.

तर अशी ही उमा, पंचावन्न सालच्या वैशाखात, आष्टीला गेली.

परतूर तालुक्यातलं आष्टी हे मोठं बाजाराचं गाव. तिथं रामराव नावाच्या बागाईतदाराच्या मुलीच्या, ताराच्या, लग्नात सगळा मांडव एकदम ओकायला लागला, अशी तार तहसिलीतून आली. माणूस दगावलं नव्हतं. पण दोन्हीकडची मंडळी काठ्या घेऊन बसली होती आणि विष घालणारा माणूस सापडला आहे, असंही तारेत होतं. मोठे साहेब औरंगाबादेत रजेवर. उमानं लाकडी पेटीत बाटल्या भरल्या, कारभारीला बरोबर घेतलं, आगगाडीनं परतूर गाठलं आणि पुढं धुरळा खात मोटारीनं आष्टी.

विष घालणारा माणूस चौकीत बाकावर बसला होता. तो होता गावच्या शाळेचा मास्तर, श्रीपती. तिशीच्या आतबाहेरचा, काडीसारखा, धुतलेल्या धोतराचा, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू त्यालाच कुणी पकडून आणायला सांगितलं होतं आणि त्यानं स्वतःलाच आणून हजर केलं होतं. समोर जमादार धर्मराज पोट धरून खुर्चीत बसले होते, कारण लग्नात बंदोबस्ताला गेलेले जमादारही तांब्या तांब्या पन्हं प्याले होते.

जमादारांचा हिशोब सरळ होता. लग्नात सगळ्यांनी पन्हं पिलं आणि सगळे आजारी पडले. आजारी न पडलेला मांडवात एकच माणूस, हा. ह्यानं पन्ह्याला हात लावला नाही, जेवला नाही, आणि मांडवातून जाताना "भोगाल एकेक जण" असं चारचौघांत म्हणून गेला.

"का नाही प्यालात?" उमानं मास्तरला विचारलं.

"ती माझी खाजगी बाब हाय," मास्तर म्हणाला.

"बघा," जमादार म्हणाले, आणि पोटात कळ आल्यामुळं पुढचं बोलणं त्यांनी हातानं केलं.

उमानं मग माणसांकडं बघणं सोडून पन्ह्याकडं बघितलं. ते तांब्याच्या मोठ्या डेगेत होतं, तळाशी थोडं उरलेलं. चौकीच्या ओट्यावर तिनं ते गाळलं आणि बाटलीतले थेंब घातले. गाळलेलं पिवळट पाणी मोराच्या मानेसारखं निळं झालं. बघायला जमलेल्या बायाबापड्यांनी तोंडाला पदर लावले. उमा म्हणाली, सोमल नाही, धोत्रा नाही. ह्यात तांबं उतरलं आहे. ओकाऱ्या लगेच झाल्या, सगळ्यांना झाल्या आणि जिवावर कुणाच्या बेतलं नाही, तेही त्याला धरूनच आहे.

तिला वाटलं, झालं. पण जमादार पोट विसरून उठले. आत जाऊन त्यांनी कागदाची एक पुडी आणली आणि टेबलावर सोडली. आत निळेभोर खडे होते. मोरचूद. शाळेच्या कपाटात सापडला होता, आणि कपाटाची किल्ली मास्तरच्या जानव्याला.

मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ. ते कुणी पन्ह्यात टाकलं तरी पाणी असंच निळं होणार, हे उमाइतकं कुणाला ठाऊक असणार. तिनं मास्तरकडं पाहिलं. पुस्तकांचे पुठ्ठे चिकटवायच्या खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद ठेवला आहे, असं तो म्हणाला, आणि ते खरं वाटण्यासारखंही होतं. पण पन्हं का प्याला नाही, ह्यावर त्याचं तोंड पुन्हा मिटलं. आपल्या परीक्षेनं आपणच ह्या माणसाचा गळा आवळला, हे लक्षात येऊन उमाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. नोकरीत असं तिला पहिल्यांदाच झालं होतं.

ती तशीच उठून रामरावांच्या घरी गेली. मांडवात एका बाजूला घनसावंगीचं वऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला आष्टीची मंडळी, मधे उष्ट्या पत्रावळींचा ढीग. नवरदेवाचा चुलता भुजंगराव मिशीवरून हात फिरवत बसला होता. आम्हाला विष पाजणाऱ्या घरची पोरगी आम्ही नेणार नाही, असं त्यानं सकाळीच जाहीर केलं होतं. रामराव म्हणत होते, विष आम्ही पण पिलो, मग आम्ही काय आमच्याच जिवावर उठलो का. आणि तारा, अंगावर हळदीची साडी, आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. ना माहेरी, ना सासरी.

ताराची आई नंदाबाई अंथरुणावर पडून होती. उमाला बघताच ती उठून बसली आणि दोघींचं बोलणं सुरू झालं. डॉक्टराला जे कळत नाही आणि जमादाराला जे सांगायचं नसतं, ते नंदाबाईनं उमाला घोटभर पाणी पितापिता सांगून टाकलं.

वऱ्हाड आदल्या दिवशी संध्याकाळीच यायचं होतं. उन्हाचं येणार म्हणून कैऱ्या उकडून, गूळ घालून डेगभर पन्हं करून ठेवलं. पण वऱ्हाडाची मोटार वाटेत मोडली, आणि ते आलं दुसऱ्या दिवशी दुपारी, मुहूर्त टळायच्या बेतात. मग सगळी पळापळ. हात धुवायला वेळ नाही, उभ्या उभ्या बोहल्यावर. मास्तरांनी मंगलाष्टकं केली होती, पुरी आठ, ताराच्या नावाची, दोन्ही घराण्यांची नावं गुंफून. महिनाभर बसले होते. दोन म्हणून झाली न झाली तोच भटजींनी घड्याळ बघून सावधान म्हटलं, वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या. मास्तर तिसऱ्याचा पहिला शब्द तोंडात घेऊन तसेच उभे.

"मंग रुसून गेल्ते, दुसरं काय," नंदाबाई म्हणाली. "शाळंत पोरायला रुसू नका म्हणून सांगणारा माणूस. आता चौकीत तरी कसं सांगल, का मी रुसलो व्हतो म्हणून?"

उमाला हसू आलं, आणि ते आवरताना पुढचा प्रश्न आठवला. डेग कुणाची?

डेग घरचीच, नंदाबाईच्या सासूच्या वेळची. आणि नंदाबाईनं मोठ्या अभिमानानं सांगितलं, की पाव्हण्यांच्या डोळ्यांत भरावी म्हणून तिनं ती स्वतः घासली; चिंच लावून, विटकर लावून, बाहेरून घासली तशी आतून घासली. "तोंड दिसाया लागलं, माय. आतून लालबुंद."

उमानं मनातल्या मनात हिशोब जुळवला. आतून कल्हईची डेग पांढरी दिसायला पाहिजे. लालबुंद दिसली म्हणजे कल्हईची जी काही पापडी उरली होती ती नंदाबाईच्या हातानं धुतली गेली, आणि रात्रभर आंबट कैरी उघड्या तांब्याला चाटत बसली. बिचारीनं जीव ओतून पन्ह्यात तांबं ओतलं होतं. आणि हे जर बाहेर मांडवात असंच सांगितलं, तर भुजंगरावाला पाहिजे ते आयतं हातात पडलं असतं.

उमानं रामरावांना बोलावलं आणि ताज्या कैऱ्यांचं पन्हं करायला सांगितलं. सगळ्यांच्या देखत एकाच पातेल्यातलं अर्धं पन्हं चौकीतून आणवून धुतलेल्या त्या डेगेत ओतलं, अर्धं मातीच्या डेऱ्यात. दोन्हींच्या तोंडांना फडकं बांधलं, जमादारांनी लाखेचं सील मारलं. मोरचुदाची पुडी जमादारांच्या खिशात, मास्तर चौकीत कुलपाच्या आत, आणि राखणीला दोन्हीकडचा एकेक माणूस. सकाळी बघू, म्हणून उमा नंदाबाईच्या शेजारी चटईवर आडवी झाली आणि दिवसभराच्या धुरळ्यानं तिला लागलीच झोप लागली. कारभारीला मात्र लागली नाही. बाईंचा अंदाज चुकला तर दोन्हीकडच्या काठ्या आधी कुणाच्या पाठीवर येतील, ह्याचा तो विचार करत होता.

सकाळी सील तोडलं. उमानं लोहाराकडून दोन खिळे आणवले होते, कानशीनं घासून चांदीसारखे केलेले. एक डेगेतल्या पन्ह्यात टाकला, एक डेऱ्यातल्या. मांडवातली मंडळी पुढं सरकून बसली. थोड्या वेळानं तिनं ते काढले. डेऱ्यातला खिळा जसाच्या तसा पांढरा. डेगेतला खिळा तांब्याच्या पैशासारखा लाल. भुजंगरावानं तो हातात घेतला, फिरवला, नखानं खरवडला, वासही घेऊन बघितला.

"विष कुणी घातलं नाही," उमा म्हणाली. "डेगेनं घातलं. कल्हई झिजते, तुमच्या माझ्या सगळ्यांच्याच भांड्याची झिजते. आंबट जितका वेळ ठेवाल तितकं तांबं उतरतं. घटका दोन घटका राहिलं असतं तर कळलंही नसतं." मग ती भुजंगरावाकडं वळली. "वऱ्हाड संध्याकाळी आलं असतं, तर पन्हं रात्रभर डेगेत राहिलंच नसतं."

भुजंगरावाची मिशीवरची बोटं थांबली. रामरावांच्या बाजूचे लोक एकमेकांकडं बघायला लागले, पण डेगही त्यांचीच होती, त्यामुळं त्यांनाही फार बोलता येईना. अर्धं तुमचं, अर्धं आमचं, असं झाल्यावर भांडायला दोन्हीकडं दम उरत नाही. दाराआड उभ्या नंदाबाईचा हात मात्र पदराकडं गेला. कल्हई कुठं झिजली ते तिला कळलं होतं, आणि जहरबाईला आधीपासून कळलं होतं हेही कळलं. तिनं उमाकडं बघितलं. उमा त्या वेळी पेटीतल्या बाटल्या मोजण्यात गढली होती, निदान तसं दाखवत होती.

दुपारी तारा सासरी गेली. जाताना भुजंगरावानं व्याह्याला मिठी मारली आणि मोटारवाल्याला आईबापावरून चार शिव्या घातल्या, म्हणजे दोष गावाबाहेर गेला.

श्रीपती मास्तर सुटला. तो रुसला होता हे उमानं चौकीत सांगितलं नाही. जमादारांनी पुन्हा विचारलं तेव्हा ती म्हणाली, आता त्याची गरज उरली नाही. परतूरच्या मोटारीची वाट बघत ती चिंचेखाली उभी होती, तेव्हा मास्तर आभार मानायला आला. पेटी उचलू का म्हणाला. कारभारीनं पेटी सोडली नाही. मास्तर रस्त्याकडं बघत उभा राहिला. मोटारीचा पत्ता नाही.

"उरलेली सहा म्हणून दाखवा," उमा एकदम म्हणाली.

मास्तरचे कान लाल झाले. कुणी सांगितलं ते त्यानं विचारलं नाही, आष्टीत तसं विचारायची पद्धतही नव्हती. त्यानं घसा साफ केला आणि शार्दूलविक्रीडितात, रस्त्याच्या कडेला, गाढवं आणि बाजारकरू जात येत असताना, सहाच्या सहा मंगलाष्टकं पुरी म्हटली. शेवटच्याला तर डोळेही मिटले. मग ते उघडून तो थांबला.

उमाला खोटं बोलता येत नसे. "पाचवं चांगलं आहे," ती म्हणाली.

मास्तरला ते फार लागलं, आणि मोटार येऊन तिनं धुरळा उडवून नेल्यावर हळूहळू फार आवडलं. गावात सगळे सगळ्याला छान म्हणत. एवढी नेमकी दाद त्याला कुणी दिली नव्हती.

पुढच्या महिन्यात तो जालन्याच्या कचेरीत हजर झाला, हातात बाटली. शाळेच्या विहिरीचं पाणी तपासायचं होतं, पोरांच्या तब्येतीचा सवाल. उमानं तपासलं, पाणी चांगलं होतं. नंतर तो देवळाजवळच्या विहिरीचं घेऊन आला. मग बाजारातल्या. मग रामरावांच्या मळ्यातल्या. प्रत्येक बाटलीबरोबर बसायचा, आष्टीची खबर सांगायचा, तारा सासरी नांदते आहे, नंदाबाईनं गावातल्या सगळ्या डेगा कल्हई करून घेतल्या, असं काय काय. उमाही हातातलं काम ठेवून ऐकायची. कारभारी एकदा म्हणाला, "बाई, ह्यो मास्तर आष्टीच्या समद्या हिरी उपसून इथं आणून राह्यला. गाव तहानेनं मरंल."

मग एका श्रावणातल्या शनिवारी त्यानं आणलेली बाटली उमानं उजेडात धरली. साबणाचं पाणी टाकून हलवली. फेस भरभरून आला. ती त्याच्याकडं वळली.

"हे कुठल्या विहिरीचं?"

"माळावरच्या. नवी हाय."

"मास्तर, आष्टीच्या एकाही विहिरीच्या पाण्याला असा फेस येत नाही. तिथलं पाणी जड आहे. हे घाणेवाडीच्या तळ्याचं पाणी आहे, म्हणजे आमच्याच नळाचं. स्टेशनावर भरली का?"

श्रीपतीनं बाटलीकडं बघितलं, मग खिडकीकडं. बाटली आष्टीतच भरायची विसरली होती, हे त्यानं कबूल केलं. मग अजून एक कबूल केलं, की आष्टीतल्या विहिरी मागच्याच खेपेला संपल्या.

कारभारी बाहेर जाऊन ओट्यावर बसला. थोड्या वेळानं आतून बाईंचं मोठ्यानं हसणं ऐकू आलं. कचेरी उघडल्यापासून ते त्यानं ऐकलं नव्हतं.

श्रीपती घरी येऊन रीतसर बोलला. नरहरपंतांनी त्याला एकच विचारलं, की लग्नानंतर मुलीनं नोकरी सोडावी असं तुमच्या मनात आहे का. श्रीपती म्हणाला, "त्या नोकरीनं मी तुरुंगातून सुटलो. ती सोडा म्हणायला माझं तोंड कुठं हाय?" दुर्गाबाईंनी हे दाराआडून ऐकलं आणि देवापुढं साखर ठेवली. त्यांनी पत्रिका बघायला मागितली तीही नंतर, गुण जमवूनच घ्यायच्या तयारीनं.

अडली ती श्रीपतीची आई, गोदाबाई. तिला विषाची भीती नव्हती. तिची भीती निराळी होती, आणि ती तिनं लेकाला स्पष्ट सांगितली: सून आली की माझ्या लोणच्यात काय काय आहे ते काचेत घालून बघणार आणि मला नावं ठेवणार. इतक्या वर्षांत माझ्या लोणच्यावर कुणी बोट ठेवलं नाही. श्रीपतीनं ही अट उमाला कळवली. उमानं कबूल केलं, की घरातल्या कुठल्याही बरणीला ती परवानगीशिवाय हात लावणार नाही. छप्पन्न सालच्या मार्गशीर्षात लग्न झालं. मराठवाडा तोवर मुंबई राज्यात गेला होता. श्रीपतीला जालन्याच्या शाळेत बदली मिळाली आणि गोदाबाई लोणच्याच्या बरण्या उराशी धरून टांग्यातून जालन्याच्या कादराबाद भागात उतरली.

पहिलं वर्षभर तिनं स्वैपाकघराच्या दाराशी पहारा ठेवला. मग एकदा बाजारातून आणलेली हळद तिला जरा जास्तच पिवळी वाटली. दोन दिवस तिनं पुडी फडताळात ठेवली. तिसऱ्या दिवशी पुडी उमाच्या पिशवीजवळ ठेवून म्हणाली, सहज बघ, काम नसलं तर. हळदीत शिशाचा पिवळा रंग निघाला. उमानं कचेरीतर्फे म्युनिसिपालिटीला कळवलं, दुकानातला माल जप्त झाला, आणि त्या दिवसापासून गोदाबाई बदलली. आपल्या घरी काय रत्न आहे हे तिनं गल्लीत सांगितलं, मग देवळात सांगितलं, मग बाजारात सांगितलं.

त्याचा परिणाम असा झाला, की रविवारी सकाळी उमाच्या ओसरीवर बायका बसायला लागल्या. कुणाच्या पदरात मिरचीपूड, कुणाच्या मुठीत हिंग, कुणाच्या वाटीत करडईचं तेल. सरकारी कचेरीत रीतसर अर्ज करा, असं उमा सांगायची. बायका हो हो म्हणायच्या आणि तिथंच बसायच्या. गोदाबाई त्यांना रांगेनं बसवायची, भांडणं लागली तर सोडवायची, आणि एखादी पुडी हातात घेऊन, वास घेऊन, स्वतःच निकालही द्यायला लागली. श्रीपती आतून चहाचे पेले भरून आणायचा. उमा वैतागायची, सुट्टीचा एक दिवस, म्हणायची, आणि पेटी उघडायची.

एकोणसाठच्या पावसाळ्यात जाफराबादकडच्या टेंभुर्णीहून बद्रीनाथ नावाच्या शेतकऱ्याचा निरोप आला, विहिरीत काहीतरी पडलं आहे, जनावरं पाणी पीत नाहीत, तुम्ही स्वतः या. सोमवारी पहाटेच उमा निघाली. कारभारी पेटी घेऊन पुढं गेला होता. गोदाबाईनं दशम्या बांधून दिल्या आणि मोटारस्टँडपर्यंत सोबत आली.

मोटार सुटता सुटता ती खिडकीशी वाकून म्हणाली, "जल्दी परत ये. रविवारी मी बायकांला सांगून ठिवलंय, तेल घेऊन या म्हणून. आन् टेंभुर्णीच्या बाजारात मिरची चांगली मिळती. घे थोडी. पण घ्यायच्या आधी बघून घे."

उमानं बघून घेते म्हणून मान हलवली, आणि मोटार जाफराबादच्या रस्त्याला लागली.